झाड कुणाचं, रस कुणाचा

निजामाच्या राज्यात शिंदीचं झाड कुणाच्या बांधावर उभं आहे याला फारसा अर्थ नव्हता. बांध तुमचा, माती तुमची, बुडाशी झिरपणारं ओढ्याचं पाणीही तुमचं. पण झाडाला चीर पाडून मडकं बांधायचं ते गुत्तेदाराच्या माणसानं. आबकारीच्या लिलावात ज्यानं गुत्ता घेतला, रस त्याचा. शेतमालकाच्या हातावर झाडामागे थोडीफार चिल्लर पडायची. तिला म्हणायचे हक्क-मालिकाना. माझे आजोबा मोमिनाबादच्या सरकारी शाळेत उर्दूतून शिकलेले. ‘हक्क’ आणि ‘मालिकाना’ या दोन्ही शब्दांवर ते असा काही जोर द्यायचे की ऐकणाऱ्याला हसूच यावं. आपल्याच झाडाचे आपण भाडोत्री, असं त्यांचं म्हणणं.

आमचं गाव धारूर तालुक्यात, बालाघाटाच्या माथ्यावर. गावाखाली उतरलं की ओढा लागतो. आज त्याच्या दोन्ही काठांना वेडी बाभूळ माजली आहे. आजोबांच्या लहानपणी तिथं शिंदीचं बन होतं आणि थंडी पडायला लागली की त्या बनात कलालाची ये-जा सुरू व्हायची. ते वर्णन त्यांनी इतक्यांदा केलंय की ते मीच पाहिलंय असं मला वाटतं. कलाल दिवस कलताना यायचा. त्याची कंबर आणि झाडाचं खोड मिळून दोराचा एक वेढा, पट्ट्याला रुंद पात्याचा सुरा, पाठीला मडकी. शेंड्याखाली एका अंगाचे झावळे आधीच छाटून ठेवलेले असत. तिथं तो खोडाचा पातळ पापुद्रा काढायचा, खाली निमुळती होत जाणारी चीर पाडायचा, चिरेच्या टोकाला बांबूची पन्हळ ठोकायचा आणि पन्हळीखाली मडकं अडकवायचा. रात्रभर थेंब थेंब रस उतरे. पहाटे उतरवला तर ती नीरा, गार आणि गोड. ऊन वर चढलं की तीच फसफसायला लागे आणि दुपारी गडी माणसं बनाकडे वळत तोवर तिची शिंदी झालेली असे.

त्यात कुणी काही घालत नव्हतं. झाडावरची आणि जुन्या मडक्याच्या पोटाला चिकटून राहिलेली यीस्ट साखर खायची आणि तिचं मद्य करायची, एवढाच तो कारभार. रस गोडच ठेवायचा असेल तर मडक्याला आतून चुना फासत. आजोबा म्हणायचे, “चुन्याचं मडकं लेकरासाठी, बिनचुन्याचं सरकारासाठी.” सरकारसाठी म्हणजे खरोखरच सरकारसाठी. हैदराबाद संस्थानच्या तिजोरीत आबकारीचा वाटा मोठा होता. त्यामुळे गावात शाळा नसली तरी चालायचं, शिंदीचं दुकान मात्र असायचं.

म्हणूनच १९४७ साली स्टेट काँग्रेसनं निजामाविरुद्ध लढा पुकारला तेव्हा त्यात शिंदीची झाडं तोडण्याचा कार्यक्रम आला. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटतं. स्वातंत्र्यासाठी झाडं का तोडायची? पण हिशेब सरळ होता. झाड पडलं की गुत्ता पडतो, गुत्ता पडला की सरकारचा पैसा तुटतो. धान्याची लेव्ही द्यायची नाही, जंगलचे कायदे मोडायचे आणि शिंदी तोडायची, ही सगळी एकाच लढ्याची अंगं. लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे त्याआधी मोमिनाबादला, म्हणजे आपल्या अंबाजोगाईला, योगेश्वरी शाळा चालवत होते. त्या गावात शिकलेल्या पोरांच्या कानावर त्यांचं नाव नव्यानं पडायची गरज नव्हती.

आजोबांनी ज्या रात्री कुऱ्हाड उचलली त्या रात्रीची गोष्ट घरात दोन तऱ्हांनी सांगितली जाते. आजोबा सांगत तेव्हा त्यात घोषणा असत, तिरंगा असे, पोलीस पाटलाचा थरकाप असे. आजी सांगायची तेव्हा गोष्ट आटोपशीर व्हायची. “गेले चौघंजण. आपल्याच बांधावरची झाडं तोडून आले. सकाळी पोलीस आले तर हे बार्शीच्या वाटेला लागलेले. मागं मी, म्हातारी सासू आन् दावणीला दोन बैलं.” बार्शी तेव्हा निजामाच्या हद्दीबाहेर. पुढे १९४८च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, संस्थान भारतात आलं आणि आजोबा गावी परतले. आजीची तक्रार मात्र शेवटपर्यंत टिकली, आणि ती निजामाबद्दल नव्हतीच. शिंदीच्या पानांचे झाडू व्हायचे, चटया व्हायच्या. बन गेलं आणि झाडू विकत घ्यावा लागायला लागला.

मला त्या रात्रीत आणखी एक गोष्ट दिसते आणि ती आजोबांनी कधी बोलून दाखवली नाही. आपल्या मालकीच्या झाडावर त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा हात टाकला तो ते पाडण्यासाठी. त्याचा रस काढून विकावा, असा पर्याय त्यांच्यापुढे कधी नव्हताच. आमच्या भागात पिकवणारा एक, गाळणारा दुसरा आणि पैसा मोजणारा तिसरा, ही वाटणी इतकी जुनी की तिच्याविषयी कुणी तक्रारही करत नाही.

शिंदीच्या रसावरून द्राक्षाच्या रसाकडे यायचं, तर त्याच्याशी आमचा संबंध एका दातापासून सुरू होतो. उर्दूच्या पुस्तकांतून आजोबांनी गोळा केलेल्या गोष्टींत मुहंमद तुघलक वरचेवर यायचा. यादवांच्या देवगिरीचं दौलताबाद करून त्यानं दिल्लीची माणसं तिथं हलवली, हे शाळेतही शिकवतात. पण बीडच्या मुक्कामात त्याची दाढ दुखली, ती काढावी लागली आणि त्या दातावर त्यानं थाटात घुमटी बांधली, हे आजोबांकडून ऐकलं. पुढे कळलं की इतिहासकार फिरिश्त्यानं हे लिहून ठेवलंय आणि बीडजवळच्या टेकडीवर लोक ती घुमटी अजून दाखवतात. बादशहाची दाढ गोडानं किडली असणार आणि ते गोड म्हणजे दौलताबादची द्राक्षं असणार, असा आजोबांचा शोध होता. पुरावा काही नाही. पण दौलताबादला द्राक्षं होती ही गोष्ट खरी. त्याच तुघलकाच्या पदरी असलेला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता दौलताबादची द्राक्षं आणि डाळिंबं यांचा उल्लेख करतो आणि सांगतो की तिथं वर्षातून दोनदा फळ येतं.

हे ‘दोनदा’ वाचून युरोपातला बागायतदार चकित होईल, आपल्याकडचा नाही. थंड मुलखात हिवाळा आला की वेल पानं गाळून झोपी जातो आणि वसंतात उठतो. आपल्याकडे वेलाला झोपायला थंडीच नसते. छाटणी केली, की फुटला. म्हणून महाराष्ट्रात बागेला दोन छाटण्या असतात. एप्रिलातली खरड छाटणी, जिच्यातून नुसती काडी तयार करायची आणि तिच्या डोळ्यांत पुढचा घड आतल्या आत घडू द्यायचा. आणि पाऊस सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरात, गोडी छाटणी, जिच्यावर माल धरायचा. मनात आणलं तर दोन्हीदा फळ घेता येईल, पण उन्हाळ्यातल्या छाटणीचं फळ ऐन पावसात सापडेल आणि भुरी, केवडा, करपा मिळून ते संपवतील. आपले शेतकरी फळ एकदाच घेतात आणि एक छाटणी वेलाच्या बांधणीवर खर्चतात. सहाशे-सातशे वर्षांत दख्खनच्या द्राक्षात झालेली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट हीच असावी, असं माझं मत आहे.

बीडला हे शहाणपण वापरायची संधी फारशी आली नाही. आमच्याकडे ऊस आला; तोही पिकवण्यापेक्षा तोडायलाच जास्त.

नाना, म्हणजे माझे धाकटे चुलते, १९७२च्या दुष्काळानंतर पहिल्यांदा ऊसतोडीला गेले, बैलगाडी घेऊन, अकलूजला. मुकादमाकडून उचल घेतली, दसऱ्यानंतर गाडीवर भांडी, पीठ, एक शेळी आणि काकू असा संसार लादला आणि घाट उतरून निघाले. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता, हा तिथला मोजमापाचा हिशेब. काकू सांगते, “माझं नाव त्या वहीत कुठंच नव्हतं. ह्यांच्या कोयत्यात मी अर्धी.” पाचटाची कोपी, पहाटे तीनला उठून भाकरी, उजाडायच्या आत फडात. नाना तोडायचे, ती सोळून मोळी बांधायची, गाडी भरून कारखान्याच्या काट्यावर नेली की रांग. पैसे टनावर. वाढे विकून येतील ते चार पैसे काकूचे, आणि त्यावर ती जीव लावून असायची.

अकलूजचा कारखाना शंकरराव मोहिते-पाटलांनी सहकारातून उभा केलेला. मराठवाड्यातून आलेल्या माणसाला तो भाग म्हणजे वेगळाच देश वाटायचा. नीरा नदीचं पाणी, हिरवे फड, डांबरी रस्ते. नानांनी मात्र एक गोष्ट तिथंच हेरली. उसातून साखर निघते आणि साखर निघून गेल्यावर मळी उरते, काळी, चिकट, दूरवर वास मारणारी. कारखान्यांच्या आसवन्यांत तीच आंबवून तिचं अल्कोहोल होतं आणि राज्यातली देशी दारू मुख्यतः त्याच्यावरच चालते. संध्याकाळी कोप्यांच्या मागं कुणीतरी बाटल्या घेऊन यायचाच. नाना माळकरी नव्हते. तेही प्यायचे, आणि प्याल्यावर एकच वाक्य बोलायचे: “सकाळी म्याच तोडला, म्याच गाडीत घातला, आन् रातच्याला म्याच इकत घेतला.” काकूला हे वाक्य ऐकून हसू येत नसे. उचलीतून तेवढे पैसे कमी व्हायचे.

आजोबांचा गुत्तेदार आणि नानांची मळी यांच्यात काही अंतर आहे असं मला वाटत नाही. नाव बदललं, वस्तू बदलली; रस पुन्हा दुसऱ्याचा.

त्याच अकलूजच्या माळावर आज वाइन तयार होते, हे नानांना पटवायला मला बरीच वर्षं लागली. त्यांच्या लेखी वाइन म्हणजे सिनेमातली वस्तू. शेवटी मी त्यांना आणि काकूला गाडीत घातलं आणि फेब्रुवारीत, तोडणीच्या दिवसांत, घेऊन गेलो. माळशिरस तालुक्यातल्या मोटेवाडीच्या बाजूला फ्रातेल्लीची वाइनरी आहे. तीन घरांतल्या भावाभावांनी मिळून ती काढली: अकलूजचे अर्जुनसिंह आणि रणजितसिंह मोहिते-पाटील, दिल्लीचे कपिल आणि गौरव सेखरी, आणि इटलीचे अलेस्सिओ आणि आंद्रेआ सेच्ची. २००६-०७च्या सुमाराला त्यांनी जमिनी निवडल्या. मोटेवाडी, गारवाड आणि निमगाव अशा तीन ठिकाणी मिळून साधारण २४० एकर बाग लावली. रोपं कलमी, फ्रान्समधल्या रोपवाटिकेतून लाखोंच्या संख्येनं मागवलेली. आणि वाइन करायला माणूस आणला तो इटलीतल्या तोस्कानाचा, पिएरो मासी नावाचा. त्याच्या मुलखातली सांजोवेझे ही लाल द्राक्षाची जात भारतात पहिल्यांदा लागली ती इथं, सोलापूरच्या उन्हात.

मोहिते-पाटील नाव ऐकून नाना गाडीतच ताठ बसले. त्यांच्या दृष्टीनं ते अजून ‘कारखान्याचे’ होते.

बाग पाहून त्यांचा पहिला शेरा असा: “ह्यो येल उपाशी ठिवलाय.” अगदी बरोबर ओळखलं त्यांनी. खायच्या द्राक्षाची बाग दाट असते, वर मांडव नाहीतर वाय आकाराचा सांगाडा, पानांचा काळोख, आणि मणी फुगवण्यासाठी घड जिबरेलिक ॲसिडच्या पाण्यात बुडवलेले. इथं वेल तारांवर सरळ उभे केलेले, ओळीतून वारा खेळतोय, जमीन हलक्या मुरमाची, आणि ठिबकचं पाणीसुद्धा हात राखून. घड लहान, मणी वाटाण्याएवढे, काळसर निळे, एकमेकांना चिकटून. तिथल्या एका माणसानं नानांच्या हातावर चार मणी ठेवले. नानांनी ते तोंडात टाकले आणि बराच वेळ चावत राहिले. साल जाड, आत बिया, गर थोडा, पण गोडी मात्र घशाला चिकटणारी. बी थुंकून ते म्हणाले, “बाजारात ह्याला कुत्रं इचारनार नाही.”

आणि खरोखर विचारत नाही. वाइनच्या द्राक्षाचा सगळा जीव सालीत असतो. लाल रंग सालीतला, तुरटपणा साल आणि बी यांतला, वासाचा बराचसा भाग सालीतला. मणी मोठा केला तर रस वाढतो, साल त्या मानानं वाढत नाही आणि वाइन पाणचट होते. म्हणून वेलावर माल कमीच धरायचा. रंग भरायच्या सुमाराला काही घड मुद्दाम कापून खाली टाकतात, उरलेल्यांत कस उतरावा म्हणून. हे ऐकून काकूनं कपाळावर हात मारला. जिनं आयुष्यभर टनावर पैसे मोजले, तिला वजन कमी व्हावं म्हणून माणूस राबतोय हे समजायला अवघडच.

तोडणी पहाटे चालते. कारण ऊन चढलं की मणी तापतात, क्रेटमध्येच फुटायला लागतात आणि नको ती आंबवण बाहेरच सुरू होते. शिवाय आपल्याकडची खरी अडचण आंबटपणाची. उन्हानं साखर भराभर चढते आणि आम्ल तितक्याच वेगानं उतरतं. रिफ्रॅक्टोमीटर नावाच्या छोट्या नळीच्या काचेवर रसाचा थेंब टाकून उजेडाकडे धरला की साखरेचा आकडा दिसतो. त्याला ब्रिक्स म्हणतात. लाल द्राक्षात २३-२४ ब्रिक्स म्हणजे साधारण तेरा टक्के मद्याची वाइन. पण नुसता आकडा पाहून तोडणी ठरत नाही. बी हिरवी आहे का तपकिरी, साल चावल्यावर जिभेला काय करते, हे चाखून ठरवतात. एक-दोन दिवस इकडे तिकडे झाले तर वर्षाची वाइन बदलते. उसाला असं नसतं, नाना म्हणाले; ऊस कारखान्याच्या पाळीपत्रकावर पिकतो.

आत स्टीलच्या टाक्या. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षं लगेच दाबून रस काढतात आणि तो थंड ठेवून, पंधरा-सोळा अंशांच्या आसपास, हळूहळू आंबवतात. लाल वाइन सालींसकट आंबते. आंबताना निघणारा वायू साली वर ढकलतो, त्यांचा जाड थर तरंगायला लागतो, आणि खालचा रस पंपानं उपसून त्या थरावर पुन्हा पुन्हा ओतत राहावं लागतं, नाहीतर वरचा थर वाळतो आणि रंग खाली उतरत नाही. नानांनी टाकीला कान लावला. आतून बारीक, अखंड सळसळ येत होती. “शिंदीच की,” ते म्हणाले. कलालाच्या मडक्यात जे चालायचं तेच इथं चाललं होतं, फक्त यीस्ट निवडून घातलेली आणि तापमान मोजलेलं.

शेवटी ओकच्या पिंपांची खोली. अंधारी, गार, एकेक पिंप २२५ लिटरचं. त्यांची सगळ्यात नावाजलेली वाइन ‘सेत्ते’, सांजोवेझे आणि कॅबर्ने सोविन्यों यांच्या मिश्रणाची, अशाच पिंपांत मुरते. चाखायला दिलेला पेला नानांनी हातात धरला, वास घेतला, एक घोट घेतला आणि परत दिला. कडू लागली की आंबट, काहीच बोलले नाहीत. त्यांना विचारायचं होतं ते वेगळंच. बाहेर आल्यावर त्यांनी मघाच्या माणसाला गाठलं. एका बाटलीत किती द्राक्षं जातात? सव्वा किलोच्या आसपास. मग त्यांनी बाटलीची किंमत विचारली आणि बोटांवर काहीतरी हिशेब केला. परतीच्या रस्त्यावर टेंभुर्णीच्या पुढे कधीतरी ते म्हणाले, “फड बी ह्येंचा, काटा बी ह्येंचा, आन् मळी बी ह्येंचीच.” त्यात कौतुक होतं आणि थोडा मत्सरही. मोहिते-पाटलांसारखं घर माळावर द्राक्ष लावून चार-पाच वर्षं वाट पाहू शकतं. कोयत्याच्या उचलीवर वर्ष काढणारं घर पाहू शकत नाही. वाइनरी ‘घरची’ असणं ही गोष्ट ऐकायला साधी वाटते, पण त्या घराचा पाया किती खोल आहे हे पाहिल्याशिवाय तिचं कौतुक करू नये.

याची दुसरी बाजू आत्याकडे कळते. आत्या निफाड तालुक्यात दिलेली, द्राक्षाच्या आगरात. सोनाका, तास-ए-गणेश, थॉमसन हे शब्द तिच्या तोंडात शेजारणींच्या नावांसारखे येतात. २००१ साली महाराष्ट्र सरकारनं द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, इथल्या द्राक्षाच्या वाइनला उत्पादन शुल्कात सवलत दिली, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क काढले. त्याआधी नारायणगावला श्याम चौगुल्यांनी आणि नाशिकला राजीव सामंतांनी वाट पाडून ठेवलेली होतीच. मग काही वर्षं नाशिकमध्ये ज्याला त्याला वाइन दिसायला लागली. आतेभावानं एका वाइनरीशी करार केला आणि थॉमसन काढून शिराझ लावली. बाजारात हिंडायला नको, दलाल नको, भाव आधीच ठरलेला. आत्या सांगते, “दोन वर्षं पैसे इतके वेळेवर आले, की आम्हाला वाटलं आपण नोकरीलाच लागलो.”

मग २००८च्या शेवटी मंदी आली. मुंबईवरच्या हल्ल्यानंतर हॉटेलं ओस पडली, वाइन टाक्यांत साचून राहिली आणि ज्या वाइनऱ्या दुसऱ्याच्या बागेवर चालत होत्या त्यांनी माल उचलणं थांबवलं. वेलावर पिकलेली शिराझ. ती खायला चालत नाही, बेदाण्याला चालत नाही, निर्यातीला चालत नाही. तिला गिऱ्हाईक एकच, आणि ते फोन उचलत नाही. आतेभावानं त्या वर्षी माल वेलावरच वाळू दिला आणि पुढच्या वर्षी खोडं कापून त्यांच्यावर पुन्हा थॉमसनचं कलम केलं. त्या काळात नाशिक भागात कितीतरी बागांचं असंच झालं. करार कागदावर होता, बाग आतेभावाची होती, टाकी दुसऱ्याची. आजोबा असते तर त्यांनी त्याला हक्क-मालिकान्याची आठवण करून दिली असती.

आत्याच्याच तालुक्यात, कुंदेवाडीला, पाटील कुटुंबाची रेव्हेलो ही वाइनरी आहे. पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारं घर, आपल्याच बागेतली द्राक्षं, आणि सुरुवातीला इटलीच्या जाणकाराचा सल्ला. ग्रिल्लो आणि नेरो दाव्होला या सिसिलीच्या उष्ण बेटावरच्या जाती त्यांनी निफाडात आणल्या, हा मला फार समजूतदारपणा वाटतो. ऊन सोसणारी जात उन्हाच्या गावी. आपल्या बागेएवढंच गाळायचं ठरवलं की घर वाढत नाही, पण बुडतही नाही. अर्थात घरचं ते कायम घरचं राहतं असंही नाही. नाशिकच्या गंगापूर धरणाजवळची गुरनानी कुटुंबाची यॉर्क २०२१ साली सुलानं घेतली, आणि सुला स्वतः पुढच्या वर्षी शेअर बाजारात गेली.

२०२२च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळानं मोठ्या किराणा दुकानांत आणि सुपरमार्केटांत वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा आमच्या पारावर चांगलंच रण पेटलं. वाइन ही दारू नाही, त्यानं शेतकऱ्याचं भलं होईल, अशी एक बाजू. अण्णा हजारे, वारकरी मंडळी आणि विरोधी पक्ष दुसऱ्या बाजूला. आमच्या भागात माळकऱ्यांचं वजन मोठं. सप्त्याच्या कीर्तनात महाराजांनी मंत्रिमंडळाला धारेवर धरलं. विरोध इतका झाला की तो निर्णय बाजूला पडला. मला त्या वादात दोन्हीकडे एक गोष्ट दिसली नाही. शेतकरी, शेतकरी असं सगळे म्हणत होते, पण कुठला शेतकरी हे कुणी सांगत नव्हतं. टाकी ज्याच्या दारात आहे तो, की ज्याचा माल टाकीवाला उचलेल तेव्हा उचलेल तो?

नाना पारावर गप्प होते. घरी आल्यावर त्यांनी सीताफळाचा विषय काढला. आमच्या डोंगराला पाणी न देता येणारं हे एकच फळ. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, अंबाजोगाईच्या संशोधन केंद्रानं ‘धारूर-६’ नावाची जात काढली, हे सगळं त्यांना पाठ आहे. पण फळ झाडावरून उतरवलं की दोन-तीन दिवसांत मऊ पडतं, आणि व्यापाऱ्याला ते पक्कं माहीत असतं. दिवाळीच्या आसपास धारूरच्या रस्त्यावर क्रेट मांडून बसलेल्या बायका संध्याकाळी मिळेल त्या भावाला माल सोडतात. “बोरडीला चिकूची वाइन करतात म्हनं,” नाना म्हणाले. करतात. “मग सीताफळाची?”

मी त्यांना माहीत होतं तेवढं सांगितलं. गर तापवला की कडू होतो, रस सुटा निघत नाही, बिया गरापासून वेगळ्या करणं हेच मोठं काम, आणि वाइनरीला लायसन, टाक्या, थंडाई, आबकारीचा अधिकारी हे सगळं आलंच. काकू आतून म्हणाली, बिया काढायला बाया मिळतील, ते काम आम्हाला येतं.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. “तू अंबाजोगाईला जाऊन इचार तर खरं. पन लायसन कुनाच्या नावावर निघतंय, ते आदी इचार. आन् हिचं नाव त्यात अर्धं लावू नको म्हनावं.”